नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीतच श्रवणसाहाय्य यंत्रणा बसवावी, ही मागणी कशी मांडावी?

करवीर_वाचक

सर्व सदस्यांना नमस्कार.

छत्रपती शाहू महाराजांनी उभारलेले आणि १९१५ पासून कोल्हापूरच्या रंगभूमीशी जोडले गेलेले संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. त्यानंतर पुनर्बांधणीविषयी गावात जी चर्चा मी ऐकली, ती छप्पर, रंगमंच, खुर्च्या, वातानुकूलन आणि वास्तूचे मूळ रूप यांभोवतीच फिरत होती. ज्यांना कमी ऐकू येते अशा प्रेक्षकांचा विषय त्यात मला कुठेही आढळला नाही. तो महानगरपालिकेपुढे लेखी स्वरूपात मांडावा, अशी माझी इच्छा आहे.

माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती-देखभाल पाहणारे कारागीर, होते. उमेदीचा सगळा काळ मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांचे दोन्ही कान निकामी होत गेले आणि आता ते श्रवणयंत्र वापरतात. घरात समोरासमोर बसून केलेले बोलणे त्यांना चांगले समजते. नाट्यगृहात मात्र पुढच्या रांगेत बसवूनही “आवाज येतोय, पण शब्द लागत नाहीत” असे ते म्हणतात. राज्य नाट्य स्पर्धेच्या काळात रोज संध्याकाळी प्रयोगाला हजर राहणाऱ्या या माणसाने नाटकाला येणेच सोडून दिले आहे. उद्यमनगरातील फाउंड्री आणि वर्कशॉपमध्ये राबलेली, त्यांच्याच वयाची कितीतरी माणसे याच अवस्थेत असतील, असे मला वाटते.

परदेशातील नाट्यगृहांत ‘लूप’ नावाची यंत्रणा असते आणि तिच्यामुळे रंगमंचावरचा आवाज थेट श्रवणयंत्रात पोहोचतो, एवढेच मी वाचले आहे. ही यंत्रणा नेमकी कशी चालते, वडिलांच्या यंत्रावर ती उपयोगी पडेल का, आपल्याकडे तिच्या मागणीला कायद्याचा काही आधार आहे का, आणि अर्जात नेमके काय लिहावे म्हणजे तो “विचाराधीन आहे” या शेऱ्यापुढे जाईल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

श्रवणतज्ज्ञ_राजारामपुरी

तुमच्या वडिलांनी जे सांगितले ते शास्त्रीयदृष्ट्या अगदी अचूक आहे. गोंगाटामुळे येणाऱ्या बहिरेपणात अंतर्कर्णातील केसपेशी नष्ट होतात आणि हे नुकसान साधारणपणे ४,००० हर्ट्झच्या आसपास प्रथम दिसू लागते. स्वर बहुतांशी खालच्या पट्टीत असतात, त्यामुळे ते ऐकू येत राहतात. परंतु स, श, त, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या पट्टीवर अवलंबून असल्यामुळे ती पुसट होते. म्हणून माणसाला कोणीतरी बोलते आहे हे कळते, पण काय बोलते आहे हे कळत नाही. अशा कानाला आवाज नुसता मोठा करून देणे पुरत नाही. हवा असलेला आवाज आणि आजूबाजूचा गोंगाट यांच्यातील फरक इतरांच्या तुलनेत त्याला बराच जास्त लागतो.

श्रवणयंत्राचा मायक्रोफोन कानावर असतो आणि तो एक-दोन मीटरच्या अंतरातील बोलणे उत्तम टिपतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. बंद सभागृहात त्यात भिंती-छतावरून येणारे प्रतिध्वनी, पंख्यांची घरघर आणि शेजारची कुजबुज मिसळते, आणि यंत्र हे सगळे सारख्याच इमानाने मोठे करते. त्यामुळे महागडे यंत्र घेतल्यावरही सभागृहातील अडचण पुष्कळदा तशीच राहते. माझ्याकडे येणारे अनेक जण यंत्रालाच दोष देतात. प्रत्यक्षात दोष अंतराचा असतो.

लूप हे अंतर काढून टाकतो. प्रेक्षागृहाच्या जमिनीत तांब्याच्या तारेचे वेटोळे घालतात आणि ध्वनियंत्रणेतून आलेला संकेत एका विशेष ॲम्प्लिफायरमार्फत त्या तारेत सोडतात. तारेतील प्रवाहाबरोबर बदलणारे चुंबकीय क्षेत्र आसनांच्या जागी तयार होते. श्रवणयंत्रात टेलिकॉइल नावाची बारीक गुंडाळी असेल आणि यंत्र ‘टी’ या स्थितीवर ठेवले असेल, तर ती गुंडाळी हे क्षेत्र पकडून त्याचा पुन्हा आवाज करते. सभागृहातील गोंगाट मध्ये येत नाही. प्रेक्षकाला वेगळे उपकरण मागावे लागत नाही, खिडकीवर उभे राहून आपले व्यंग सांगावे लागत नाही. तो आपल्या खुर्चीवर बसतो आणि एक बटण दाबतो. मला या यंत्रणेचे सर्वांत मोठे मोल इथेच वाटते.

आता वडिलांच्या यंत्राविषयी. कानामागे लावायच्या यंत्रांपैकी बऱ्याच यंत्रांत टेलिकॉइल असते, परंतु यंत्र देताना ती चालू करून दिली जातेच असे नाही. संगणकाला जोडून तसा प्रोग्राम टाकावा लागतो. कानाच्या आत पूर्ण बसणाऱ्या लहान यंत्रांत जागेअभावी ती सहसा नसते. कॉक्लिअर इम्प्लांटच्या (शस्त्रक्रियेने अंतर्कर्णात बसवायच्या श्रवण-उपकरणाच्या) बाहेरील प्रोसेसरमध्येही बहुधा ही सोय असते. तुम्ही यंत्राचे मॉडेल पाहून आपल्या ऑडिओलॉजिस्टकडून एवढी एक गोष्ट तपासून घ्या. आणि नवीन यंत्र घेणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे की, किंमत आणि आकार विचारताना टेलिकॉइलचीही चौकशी करावी.

ध्वनिसंयोजक_मंगळवार_पेठ

मी नाट्यगृहांच्या ध्वनिव्यवस्थेचे काम करतो. वरील माहितीत बांधकामाच्या बाजूने भर घालतो, कारण ही मागणी योग्य वेळी झाली नाही तर ती फार महाग पडते.

लूपमध्ये तार ही सर्वांत स्वस्त वस्तू आहे. खर्च ॲम्प्लिफायरचा, आखणीचा आणि मोजमापाचा असतो. फरशी किंवा गालिचा बसवण्यापूर्वी तांब्याची चपटी पट्टी टाकणे हे किरकोळ काम आहे. खुर्च्या बोल्टने आवळून झाल्यावर तेच काम करायचे म्हणजे खुर्च्या काढा, फरशी उकरा, असा सगळा खटाटोप होतो. म्हणून मागणीत “नाट्यगृह सुरू झाल्यावर विचार करावा” असे वाक्य चुकूनही येऊ देऊ नका. एखाद्या भागात फरशीचे काम आधीच झाले असेल, तर खुर्च्यांच्या रांगांखालून पट्टी नेता येईल का, याची पाहणी तरी तातडीने करून घ्यावी लागेल.

दुसरा मुद्दा लोखंडाचा. स्लॅबमधील सळ्या चुंबकीय क्षेत्र शोषतात, आणि विशेषतः वरच्या पट्टीतील आवाज, म्हणजे ज्या व्यंजनांची अडचण वर सांगितली आहे तेच, सर्वाधिक दबतात. त्यामुळे भिंतीच्या कडेने तारेचा एकच मोठा वेढा घालून काम उरकले, तर मधल्या रांगांना फिका आणि घोगरा आवाज मिळतो. अशा ठिकाणी अनेक लहान वेढे एकमेकांशी ठरावीक मेळ राखून घालावे लागतात. त्याचा आणखी एक फायदा असा की, क्षेत्र प्रेक्षागृहाबाहेर फारसे सांडत नाही. एरवी मेकअप रूममध्ये किंवा शेजारच्या तालमीच्या खोलीत बसलेल्या श्रवणयंत्रधारकालाही आतील प्रयोग ऐकू येऊ लागतो. बाल्कनीसाठी वेगळा लूप लागतो. तारेच्या बरोबर वर येणाऱ्या आसनावर संकेत जवळजवळ शून्य होतो, त्यामुळे पट्टीची जागा खुर्च्यांच्या आराखड्याशी ताडून ठरवावी लागते.

तिसरा मुद्दा नाट्यगृहापुरताच आहे, पण तो विसरला तर बाकी सर्व फुकट जाईल. प्रकाशयोजनेचे डिमर, म्हणजे दिवे मंद-प्रखर करणारी उपकरणे, आणि त्यांच्या जाड केबल स्वतःच चुंबकीय गुणगुण निर्माण करतात आणि टेलिकॉइलला ती स्पष्ट ऐकू येते. विजेची वायरिंग नव्याने होत असतानाच डिमरच्या केबलचा मार्ग प्रेक्षागृहापासून दूर ठेवणे शक्य असते.

या कामासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, ते म्हणजे आयईसी ६०११८-४. आवाजाच्या उच्चांकाला क्षेत्राची तीव्रता ४०० मिलिअँपिअर प्रति मीटर असावी, १०० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात ती ३ डेसिबलपेक्षा अधिक वर-खाली होऊ नये, आणि यंत्रणा बंद असतानाची पार्श्वभूमीची गुणगुणही मोजावी, असे त्यात सांगितले आहे. बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर, हे मोजमाप करतात. निविदेत या मानकाचे नाव आणि आसनवार मोजमापाच्या अहवालाची अट घालायला सांगा. नुसते ‘श्रवणसाहाय्य यंत्रणा पुरवणे व बसवणे’ असे लिहिले तर कंत्राटदार कोपऱ्यात एक पेटी बसवून बिल काढेल आणि ती चालते की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही.

हौशी_रंगकर्मी

मी एका हौशी नाट्यसंस्थेत काम करतो आणि या मागणीला माझा मनापासून पाठिंबा आहे. तरीही दोन शंका मांडतो. लूपमध्ये आवाज येणार कुठून? स्पर्धेतील बहुतेक संस्थांना प्रत्येक नटासाठी कॉलर माईक परवडत नाही. आमचे प्रयोग वर टांगलेल्या आणि रंगमंचाच्या कडेला ठेवलेल्या माईकवरच होतात, आणि त्यांत पावलांचा, सेट सरकवण्याचा आवाजच अधिक येतो. दुसरे असे की, लूप हे तंत्रज्ञान बरेच जुने आहे. आता मोबाईलवर आणि ब्लूटूथवर आवाज देणाऱ्या यंत्रणा आल्या असताना आपण जमिनीत तारा पुरायच्या का?

ध्वनिसंयोजक_मंगळवार_पेठ

पहिली शंका अगदी योग्य आहे. लूप फक्त वाहक आहे. त्याला जे मिळेल तेच तो पोहोचवतो. म्हणून रंगमंचाच्या पुढील कडेला चांगल्या प्रतीचे, पायांची धडधड न घेणारे सपाट माईक आणि वरचे दिशादर्शी माईक नाट्यगृहानेच कायमस्वरूपी बसवावेत आणि त्यांचा मेळ श्रोत्यांच्या मुख्य स्पीकरपासून स्वतंत्र ठेवावा. सभागृहात शिट्टी वाजू नये म्हणून स्पीकरसाठी या माईकचा आवाज कमी ठेवावा लागतो. लूपला ती मर्यादा नाही, कारण लूपचा आवाज माईकमध्ये परत येत नाही. संस्थेकडे कॉलर माईक नसले तरी या व्यवस्थेत पुरेसा स्पष्ट आवाज मिळू शकतो. प्रयोग माईकशिवाय होणार असला, तरी श्रवणसाहाय्याचे माईक चालूच राहतील, असा नियम मात्र करावा लागेल.

दुसऱ्या शंकेबद्दल. ब्लूटूथवर आधारित ऑराकास्ट हे २०२२ मध्ये जाहीर झालेले तंत्रज्ञान एका प्रक्षेपकातून कितीही श्रोत्यांना आवाज देऊ शकते, आणि पुढील काळ त्याचा आहे हे मलाही मान्य आहे. मात्र त्यासाठी श्रवणयंत्रही त्या क्षमतेचे असावे लागते, आणि आज आपल्या भागातील ज्येष्ठांच्या कानावर जी यंत्रे आहेत त्यांतील बहुतेक तशी नाहीत. वायफायवरून मोबाईलमध्ये आवाज देणाऱ्या यंत्रणेत तो किंचित उशिरा पोहोचू शकतो. नटाचे ओठ आणि शब्द जुळले नाहीत तर ओठ पाहून समजून घेणाऱ्याचा गोंधळ वाढतो. इन्फ्रारेड, म्हणजे अदृश्य प्रकाशकिरणांतून आवाज पाठवणारी यंत्रणा भिंतीपलीकडे जात नाही, म्हणून न्यायालय किंवा गोपनीय बैठक यांसाठी ती चांगली. पण तिला रिसीव्हर लागतात, ते चार्ज करणे, पुसणे आणि परत घेणे यासाठी माणूस लागतो. माझे मत असे आहे की, लूप आत्ताच घालावा, ऑराकास्टच्या प्रक्षेपकासाठी नळी आणि वीजजोडणीची जागा राखून ठेवावी, आणि ज्यांच्याकडे श्रवणयंत्रच नाही त्यांच्यासाठी हेडफोनसह काही लूप-रिसीव्हर ठेवावेत. अमेरिकेच्या दिव्यांगांसाठीच्या २०१० च्या मानकांत ५०० आसनांच्या सभागृहाला किमान २० रिसीव्हर आणि त्यांपैकी चतुर्थांश श्रवणयंत्राबरोबर वापरता येण्याजोगे, असे प्रमाण आहे. आपल्या मागणीत आकडा लिहायचा झाल्यास त्याचा आधार घेता येईल.

वकील_कसबा_बावडा

कायद्याचा आधार आहे, आणि तो समजला जातो त्यापेक्षा पुष्कळ भक्कम आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यातील सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत सांस्कृतिक आणि मनोरंजनाच्या वापराच्या इमारती स्पष्टपणे येतात, आणि ही व्याख्या सरकारी व खासगी अशा दोन्ही इमारतींना लागू आहे. कलम ४४ नुसार सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांना इमारत सहज वापरता यावी यासाठीच्या, नियमांत न बसणाऱ्या आराखड्याला बांधकाम परवानगी देता येत नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही देता येत नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी कलम ४५ ने नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत कधीच संपली आहे. त्याच कलमात रुग्णालये, शाळा, रेल्वे स्थानके आणि बस थांबे यांना प्राधान्य देऊन कृती आराखडा प्रसिद्ध करण्याची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणांवर टाकलेली आहे. केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाच्या २०२१ च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांमध्ये श्रवणसाहाय्य यंत्रणांचा विषय समाविष्ट आहे.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात दिलेला निकालही अर्जात अवश्य नमूद करा. सुगम्यतेची मानके ही निव्वळ शिफारस म्हणून ठेवणारा, २०१७ च्या नियमांतील नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि बंधनकारक मानके ठरवण्याचा आदेश केंद्राला दिला. “ही फक्त मार्गदर्शक तत्त्वे आहेत” हे उत्तर आता कोणत्याही कार्यालयाला सहजासहजी देता येणार नाही.

अर्ज महापालिका आयुक्तांच्या नावे करा, प्रत शहर अभियंत्यांना द्या आणि पोच घ्या. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवायचा असतो, त्याचाही उल्लेख करा. अर्जाबरोबरच माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारा: मंजूर आराखड्यात आणि अंदाजपत्रकात श्रवणसाहाय्याची कोणती तरतूद आहे, त्याची प्रत मिळावी. त्याचे उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे, आणि “तरतूद नाही” असे लेखी उत्तर आले तर तोच तुमचा पुढचा पुरावा ठरेल. त्यानंतर पुण्यातील दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांना साक्षीदार आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, आणि त्यांच्या शिफारशीवर काय केले हे संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत कळवायचे असते.

एक सूचना. अर्जात वडिलांची व्यथा लिहा, परंतु मागणी उपकार म्हणून मागू नका. रॅम्प मागताना आपण आता हात जोडत नाही. हीही तशीच गोष्ट आहे.

पन्हाळा_रस्ता

मी जन्मापासून पूर्ण कर्णबधिर आहे आणि भारतीय सांकेतिक भाषा वापरते. चर्चा वाचून समाधान वाटले, तरी एक गोष्ट ठामपणे सांगणे मला आवश्यक वाटते. लूप बसला तरी मला नाटक कळणार नाही. माझ्यासारख्या व्यक्तींना रंगमंचाच्या बाजूला पडद्यावर उमटणारा मजकूर किंवा सांकेतिक भाषेचा दुभाषी लागतो. यापूर्वी मी अनेकदा अनुभवले आहे की, एक सोय झाली की “कर्णबधिरांची व्यवस्था केलेली आहे” असे सांगून बाकीच्यांची मागणी बंद केली जाते. म्हणून अर्जात श्रवणयंत्र वापरणारे आणि न ऐकू शकणारे या दोघांच्या गरजा वेगळ्या लिहाव्यात, आणि नाट्यगृहात मजकुराच्या पडद्यासाठी जागा, वीज आणि केबलची तरतूद त्याच वेळी मागावी. त्या पडद्याचा उपयोग तुमच्या वडिलांनाही होईल, आणि मोठ्या आवाजातील संगीतात शब्द हरवणाऱ्या सर्वच प्रेक्षकांना होईल.

आणखी असे की, रुग्णालयाच्या केस पेपरच्या खिडकीवर किंवा बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर काचेपलीकडून बोललेले शब्द माझ्या आईला कळत नाहीत. ती श्रवणयंत्र वापरते. नाटक महिन्यातून एकदा पाहिले जाते, औषध कधी घ्यायचे हे मात्र रोज कळावे लागते. नाट्यगृह मिळाले म्हणून या खिडक्या मागे पडू नयेत.

श्रवणतज्ज्ञ_राजारामपुरी

ताईंचे म्हणणे पूर्णपणे मान्य आहे. खिडकीसाठीचा लूप तर फारच लहान असतो. काउंटरखाली बसणारी एक पट्टी, एक माईक आणि छोटा ॲम्प्लिफायर एवढेच त्यात येते, आणि इमारतीत तोडफोड करावी लागत नाही. लंडनच्या टॅक्सींमध्येसुद्धा अशी सोय असते. सुरुवात एखाद्या खिडकीवर करून लोकांना तो अनुभव दिला, तर नाट्यगृहाची मागणी समजावणेही सोपे जाईल. जिथे यंत्रणा बसेल तिथे तिरक्या रेषेसह कानाचे आणि ‘टी’ अक्षराचे चिन्ह लावलेच पाहिजे, नाहीतर सोय असूनही ती कोणी वापरणार नाही.

करवीर_वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वडिलांच्या यंत्रात टेलिकॉइल असल्याचे आज ऑडिओलॉजिस्टकडून कळले. ती आजवर बंदच होती आणि आता चालू करून घेतली आहे.

वरील सूचनांवरून अर्जाचा मुख्य भाग असा तयार केला आहे:

“पुनर्बांधणीच्या आराखड्यात तळमजला आणि बाल्कनी यांसाठी आयईसी ६०११८-४ या मानकानुसार इंडक्शन लूप अंतर्भूत करावा, फरशी व आसने बसवण्यापूर्वी तारेची आखणी आणि डिमरच्या केबलचा मार्ग निश्चित करावा, श्रवणसाहाय्यासाठी रंगमंचावर स्वतंत्र माईकची कायम व्यवस्था असावी, श्रवणयंत्र नसलेल्या प्रेक्षकांसाठी रिसीव्हर ठेवावेत, न ऐकू शकणाऱ्या प्रेक्षकांसाठी मजकुराचा पडदा आणि दुभाष्याची प्रकाशित जागा यांची तरतूद करावी, आणि पूर्णत्वाच्या दाखल्यापूर्वी श्रवणयंत्र वापरणाऱ्या नागरिकांच्या उपस्थितीत आसनवार चाचणी घेऊन तिचा अहवाल प्रसिद्ध करावा. तसेच महानगरपालिकेच्या अखत्यारीतील रुग्णालयांच्या आणि नागरी सुविधा केंद्रांच्या खिडक्यांवर काउंटर लूप बसवण्याचा टप्पेवार कार्यक्रम जाहीर करावा.”

माहिती अधिकाराचा अर्ज याबरोबरच देणार आहे. स्वाक्षऱ्यांमध्ये श्रवणयंत्र वापरणारे, सांकेतिक भाषा वापरणारे आणि नाट्यसंस्थांचे प्रतिनिधी असे तिन्ही असावेत, अशी इच्छा आहे. ज्यांना स्वाक्षरी करायची आहे त्यांनी येत्या रविवारी सकाळी दसरा चौकातील शाहू स्मारक भवनाच्या प्रवेशद्वाराशी यावे. सांकेतिक भाषेच्या दुभाष्याशी मी बोलून ठेवत आहे.

ध्वनिसंयोजक_मंगळवार_पेठ

एका वाक्याची भर घालावी: “यंत्रणेची तपासणी दर सहा महिन्यांनी करून तिची नोंद व्यवस्थापकाकडे ठेवावी.” बसवलेली यंत्रणा बंद पडली तर ऐकू येणाऱ्या कर्मचाऱ्याला ते कळतच नाही, कारण त्याच्या कानाला काहीच फरक जाणवत नसतो. तपासणीसाठी लहान हातातील लूप-श्रवणक मिळतो. तोही खरेदीच्या यादीत लिहा. रविवारी मी येतो, माझ्याकडचा घेऊन येतो.